एका नामाला एकच विशेषण: निवडायचं कसं, ठेवायचं कुठं

दहीहंडीच्या दुसऱ्या दिवशी ठाण्यातला कुठलाही पेपर उघडा. गर्दी अलोट असते, बंदोबस्त चोख असतो, उत्साह अपूर्व असतो आणि गोविंदा पडलाच तर दुखापत किरकोळ किंवा गंभीर असते. यातली शेवटची दोन विशेषणं सोडली तर बाकीची नसती तरी बातमीत काही उणं पडलं नसतं. ‘गर्दी’ आणि ‘अलोट’ यांचं लग्न इतकं जुनं झालंय की ते एकमेकांकडे बघतसुद्धा नाहीत.

बातमीदाराला रात्री पान सोडायचं असतं, त्याचं चालून जातं. कथा, ललित लेख किंवा कविता लिहिणाऱ्याचं चालत नाही. नौपाड्यात आमचा लिहिणाऱ्यांचा एक छोटा गट जमतो. तिथे एकमेकांची हस्तलिखितं वाचताना सगळ्यात जास्त पेन्सिल फिरते ती विशेषणांवर. बहुतेकांची समजूत अशी असते की विशेषण म्हणजे वर्णन, आणि वर्णन जितकं जास्त तितकं चित्र स्पष्ट. माझं मत उलट आहे. चांगलं विशेषण वस्तूबद्दल थोडं आणि ती बघणाऱ्याबद्दल बरंच सांगतं. म्हणून एका जागी एकच पुरतं. दुसरं आलं की बघणारे दोन होतात आणि वाचक कुणाच्या डोळ्यांनी बघायचं याच्या गोंधळात पडतो.

ते एक विशेषण सापडतं कसं, हे क्रमाने बघू.

पहिली पायरी: आधी सगळी काढून टाका

सरावासाठी हे वाक्य घ्या. असली वाक्यं आपण सगळ्यांनी शाळेच्या निबंधात लिहिलेली आहेत:

‘संध्याकाळच्या रम्य वेळी निसर्गसुंदर मासुंदा तलावाच्या शांत, निळ्याशार पाण्यावर मंद, शीतल वारा वाहत होता.’

विशेषणं खोडा. उरतं ते एवढंच: ‘संध्याकाळी मासुंदा तलावावर वारा होता.’

हे वाक्य गरीब दिसतं, पण खोटं नाही. आधीचं खोटं होतं. तलावपाळीवर, म्हणजे याच तलावाच्या काठावर, संध्याकाळी पाणीपुरीच्या गाड्या, हॉर्न, पोरांचा कलकलाट, पॅडल मारायच्या होड्या हे सगळं असताना ‘शांत’ कुठून आलं? ते तलावातून आलेलं नाही, निबंधातून आलंय. विशेषणं काढण्याचा पहिला फायदा हाच की कुठलं डोळ्याने बघून लिहिलं होतं आणि कुठलं हाताच्या सवयीने, ते उघडं पडतं.

इथे एक खुलासा. ‘पुढची तारीख’, ‘तिसरा मजला’, ‘उजवा हात’ यातली विशेषणं माहिती देतात. ती खोडली तर अर्थच बिघडतो, त्यांना हात लावू नका. आपण बोलतोय ते गुणविशेषणांबद्दल, म्हणजे जिथे लेखकाला निवड असते.

दुसरी पायरी: बघतंय कोण, ते ठरवा

ठाण्याची खाडी एकच. ऐरोलीच्या पुलावरून कंपनीच्या बसने जाणाऱ्याला ती ‘काळी’ दिसेल. कोळीवाड्यातल्या माणसाला पाण्याचा रंग नंतर दिसतो, आधी पाणी भरतीचं की ओहोटीचं, उधाणाचं की भांगाचं हे दिसतं. पक्षी बघायला आलेल्याला ती ‘उथळ’ दिसेल, कारण उथळ चिखलात पक्षी उतरतात. तिघांपैकी एकाला निवडलं की निम्मी विशेषणं आपोआप गळतात.

व्यवसायातली विशेषणं या कामाला फार उपयोगी पडतात. वाशीच्या घाऊक फळबाजारात आंबा ‘तयार’ असतो किंवा ‘डागी’ असतो. समजा, तुमच्या कथेतला एक फळांचा दलाल नेरूळला सिडकोच्या जुन्या इमारतीत भाड्याची खोली बघायला गेलाय. ‘हॉल बरा होता. भिंत डागी होती.’ भिंतीवरची ओल दिसली आणि माणसाचा धंदाही कळला. तो दलाल आहे हे वेगळं सांगायचं एक वाक्य वाचलं. ‘ओलसर’, ‘पोपडे आलेली’, ‘कळकट’ यांपैकी कुठल्याही शब्दाने भिंत दिसली असती, दलाल दिसला नसता.

तिसरी पायरी: कुठल्या नामाला द्यायचं

वाक्यात चार नामं असली तर विशेषण एकालाच. ज्या नामाबद्दल वाचकाला आधीच सगळं माहीत आहे त्याला देऊ नका. ‘गुलाबी फ्लेमिंगो’ म्हटल्याने काही मिळत नाही, गुलाबीपणा त्या पक्ष्याच्या नावातच आलेला आहे. पण खाडीतल्या थव्यात ‘राखाडी’ फ्लेमिंगो लिहिलात तर पक्ष्यांची थोडी माहिती असलेल्याला कळतं की हे पिल्लू आहे, अजून रंग चढलेला नाही. माहिती नसलेला वाचकही थबकतो. एका शब्दाने वय सांगितलं.

सरावाचं वाक्य पुढे नेऊ. तलावपाळीपासून ठाण्याचं कोर्ट चालत जाण्याच्या अंतरावर आहे. आपली बघणारी अशी: वाटणीच्या दाव्यात बरीच वर्षं खेटे घालणारी एक बाई. आजही निकाल नाही. ‘पुढची तारीख पडली. ती कोर्टातून चालत तलावपाळीवर आली आणि कट्ट्यावर बसली. वारा होता.’

आता नामं आहेत तारीख, कोर्ट, कट्टा, वारा, आणि अजून न लिहिलेलं पाणी. ‘कंटाळवाणं कोर्ट’ नको, ते प्रसंगानेच सांगितलंय. ‘गार वारा’ चुकीचा नाही, पण त्या वाऱ्याने तिच्याबद्दल काही कळत नाही. तिची नजर बराच वेळ कुठे असेल? पाण्यावर. विशेषण पाण्याला.

चौथी पायरी: शब्द गोळा करा, आणि प्रत्यय ऐका

इथे घाई करू नका. वहीत पाण्यासाठी सुचतील तेवढी विशेषणं लिहून काढा: हिरवं, हिरवट, हिरवंगार, शेवाळलेलं, गढूळ, तुंबलेलं, स्थिर, मचूळ, निवलेलं. मराठी इथे लेखकाला मुक्त हस्ताने देते. एकाच रंगाची इतकी रूपं आहेत, आणि प्रत्येकाचा स्वभाव वेगळा.

‘-सर’ सहसा तटस्थ असतो आणि ‘-ट’ रंगाला लागला की बहुधा नाक मुरडतो. पिवळसर कागद जपून ठेवलेला असतो, पिवळट कागद फेकायचा राहून गेलेला असतो. (चवींना हा नियम लावू नका. आंबट, तुरट, खारट यांच्यात तिरस्कार नाही.) ‘-कट’ तर उघड निकालच देतो: मळकट, कळकट, तेलकट, पोरकट. ‘गोडसर’ चहा पिता येतो, ‘गोडमिट्ट’ चहा पाहुण्यांकडे नाइलाजाने संपवावा लागतो.

मग येतात जोडशब्द. काळेभोर डोळे, काळाकुट्ट अंधार, काळपट पडलेली चांदी. सदरा पांढराशुभ्र, चेहरा पांढराफटक. यातला दुसरा तुकडा अर्थापेक्षा भाव आणतो. मात्र बहुतेक जोड्या ठरून गेलेल्या आहेत, म्हणून त्या जशाच्या तशा वापरल्या की पुन्हा पेपरातली ‘अलोट गर्दी’च होते. उपाय असा: जोडशब्द तोच, नाम दुसरं. ‘लालचुटूक’ हे ओठांचं नाहीतर डाळिंबाच्या दाण्यांचं विशेषण. खोपटच्या स्टँडवर पहिल्यांदाच एकटं मामाच्या गावी निघालेलं पोर एसटीकडे बघतंय, तर त्याला ती लालचुटूक दिसू द्या. तीच गाडी दोन तास उशिरा आली आणि बघणारा तिकीट काढून ताटकळलेला असेल, तर ती लालभडक.

‘-ईत’ची मंडळी तर कानात वाजतात: खणखणीत, मिळमिळीत, पचपचीत, लुसलुशीत, भुसभुशीत, ठसठशीत. यांचा पदार्थांशी आणि आवाजांशी इतका घरोबा आहे की ती दुसरीकडे नेली की लगेच लक्षात येतात. ‘मिळमिळीत ऊन’ मला पटतं, कारण श्रावणातलं ऊन खरंच मीठ कमी पडल्यासारखं असतं. ‘झणझणीत शांतता’ पटत नाही. त्यात लेखकाची हुशारी दिसते, शांतता ऐकू येत नाही. सीमारेषा कुठली, याचं सूत्र माझ्याकडे नाही. मोठ्याने वाचल्यावर हसू आलं तर खोडावं.

धातूपासून, म्हणजे क्रियापदाच्या मुळापासून, आलेली विशेषणं विसरू नका: बांधलेली, पेंगुळलेली, निथळणारी, विझत आलेली. त्यांच्या पोटात एक घडून गेलेली किंवा घडत असलेली क्रिया असते. ‘रिकामी होडी’ म्हटलं की होडी दिसते. ‘बांधलेली होडी’ म्हटलं की ती कुणीतरी बांधून गेलंय हेही कळतं. याच जातीतला एक जुना डाव म्हणजे माणसाचं विशेषण काढून त्याच्या जवळच्या वस्तूला देणं. पहाटेच्या कर्जत लोकलमध्ये पेंगतात ती माणसं, पण ‘पेंगुळलेली लोकल ठाण्यात शिरली’ म्हटलं की सगळा डबा एका शब्दात येतो.

शब्द आटले तर कोश उघडा. मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशाची 1857 ची दुसरी आवृत्ती आणि 1932 ते 1938 या काळात सात खंडांत निघालेला दाते-कर्वे यांचा महाराष्ट्र शब्दकोश, दोन्ही आता इंटरनेटवर चाळता येतात. पुस्तक हातात घेऊनच बघायचं असेल तर ठाणेकरांनी 1893 साली स्थापन झालेल्या मराठी ग्रंथसंग्रहालयात जावं. पण कोशातून दुर्मीळ शब्द उचलून सजावट करू नका. कोश आठवण द्यायला असतो. जो शब्द आजीच्या तोंडून ऐकलेला होता आणि विसरला होता, तो तिथे भेटला तर आपला.

पाचवी पायरी: तीन प्रश्न विचारा

यादीतल्या प्रत्येक शब्दाला हे विचारायचं.

विरुद्ध विशेषण लावलं तर वाक्य शक्य राहतं का? ‘थंड बर्फ’च्या उलट ‘गरम बर्फ’ शक्यच नाही, म्हणजे ‘थंड’ने काहीच निवडलं नव्हतं.

शेजारच्या नामालाही तेच चालेल का? ‘सुंदर तलाव’, ‘सुंदर संध्याकाळ’, ‘सुंदर होडी’ सगळं चालतं, म्हणजे ते कुणाचंच नाही.

आणि शब्द बोट दाखवून अर्थ सांगतोय का? आपल्या यादीत ‘तुंबलेलं’ आहे. दावा तुंबलाय, पाणीही तुंबलंय, वाचकाने वा म्हणावं अशी सोय. पण तलाव तुंबत नसतो, गटार तुंबतं. जुळवाजुळव करण्यासाठी वस्तूशी खोटं बोलावं लागलं, म्हणून ते बाद. ‘शेवाळलेलं’ थोडं जड, त्यात वर्षं मोजल्यासारखी वाटतात. ‘हिरवट’ उरलं. खरं आहे, साधं आहे, आणि त्या ‘-ट’मध्ये किंचित नकोसेपण आहे. ते तिचं आहे, तलावाचं नाही.

सहावी पायरी: नामाच्या आधी की नंतर

‘पुढची तारीख पडली. ती कोर्टातून चालत तलावपाळीवर आली आणि कट्ट्यावर बसली. वारा होता. पाणी हिरवट होतं.’

किंवा: ‘…कट्ट्यावर बसली. हिरवट पाण्यावर वारा होता.’

दोन्हीत शब्द तोच. पहिल्यात विशेषण नामानंतर, वाक्याच्या शेवटाकडे आलंय. व्याकरणात याला विधिविशेषण म्हणतात. ते विधान करतं, वाचकाला तिथे थांबवतं. दुसऱ्यात ते नामाआधी, म्हणजे अधिविशेषण, आणि ओझरतं. वाक्य वाऱ्याबद्दल बोलतंय आणि हिरवटपणा जाता जाता कानावर पडतो. पहिलं वाक्य प्रसंगाच्या शेवटी शोभेल. पुढे बरंच घडायचं असेल तर दुसरं बरं. मी या प्रसंगात पहिलं ठेवीन, कारण बाई नुसती बसलेली आहे.

आता मराठीची एक अडचण, जिच्याकडे लिहिणारे फारसं बघत नाहीत. आकारान्त विशेषण लिंगाप्रमाणे बदलतं: काळा घोडा, काळी गाय, काळं पाणी. पण नामाला विभक्ती लागली की तिन्हींचं एकच होतं: काळ्या घोड्यावर, काळ्या गाईला, काळ्या पाण्यात. विशेषणाचा मूळ स्वर गेला, लिंगही गेलं. ‘हिरवट’, ‘निळसर’, ‘खारट’ यांना मात्र काही होत नाही. म्हणून तुमचं विशेषण आकारान्त असेल आणि त्याच्या आवाजावर तुमची मदार असेल, तर नाम कर्त्याच्या जागी ठेवा, विभक्तीत ढकलू नका.

बालकवींच्या ‘औदुंबर’मध्ये ‘निळासावळा झरा वाहतो बेटाबेटातुन’ ही ओळ आहे. झरा कर्ता आहे म्हणून ‘निळासावळा’ पूर्ण वाजतं. ‘निळ्यासावळ्या झऱ्यातून’ करून बघा, सगळे ‘या’ तोंडात अडकतात. त्याच आठ ओळींत गाव ‘चिमुकले’ आणि पायवाट ‘पांढरी’ ही नामानंतर आलेली आहेत, आधी वस्तू आणि मग तिचा गुण. कविता विशेषणांनी भरलेली आहे हे मान्य. एकच ठेवा म्हणणाऱ्याला ती अडचणीची वाटेल. पण बहुतेक विशेषणं साधे रंग आहेत: हिरवी, पांढरी, हिरव्या, काळ्या. डोळ्याला सवय झाली की मग ‘गोड काळिमा’ येतो. रंगाला जिभेचं विशेषण. ते एकच आहे, आणि आधीच्या साध्या रंगांमुळे ते उठतं. ज्या झाडाच्या नावाची कविता, त्याला तर वर्णनाचं विशेषणच नाही. ‘असला औदुंबर’, बस. ‘असला’ आज आपण नाक वर करून वापरतो. तिथे मात्र आधीचं सगळं दृश्य त्या तीन अक्षरांत गोळा होतं.

सातवी पायरी: विशेषणाला पुढे काम द्या

एक विशेषण ठेवून निघून गेलं तर ते शोभेचं राहतं. आपल्या कवींनी त्याला राबवून कसं घेतलं ते बघण्यासारखं आहे.

तुकारामांनी ‘सुंदर’ घेतलं, म्हणजे सगळ्यात झिजलेलं विशेषण. आपल्या दुसऱ्या प्रश्नात नापास झालेलं. ‘सुंदर तें ध्यान उभें विटेवरी’. पण लगेच कर कटावर, गळ्यात तुळशीहार, कासेला पितांबर. ‘सुंदर’ म्हणजे काय ते एकेक वस्तू दाखवून भरलं जातं, आणि त्या वस्तूंना वेगळी गुणविशेषणं नाहीत. झिजलेला शब्द वापरायचा असेल तर हा रस्ता: तो सुरुवातीला ठेवा आणि पुढे नुसती नामं द्या.

बहिणाबाईंचं ‘मन वढाय वढाय’ उलट्या टोकाचं आहे. वढाय म्हणजे ओढाळ, आणि हा शब्द गुरांचा. तो आधी मनाला लागतो आणि मग ‘उभ्या पिकातलं ढोर’ येतं. विशेषण आधी, त्याचं चित्र नंतर. दलालाच्या ‘डागी’ भिंतीत आपण जे केलं त्याचं हे फार वरच्या दर्जाचं रूप. शब्द बोलीतला आहे, शेतातला आहे, आणि तो दोनदा आलाय, कारण ते ढोर कितीदा हाकललं तरी परत येतंच.

आणि चोखामेळा. माझ्या मते एका विशेषणावर उभी असलेली इतकी पक्की रचना मराठीत दुसरी शोधणं कठीण. ‘ऊस डोंगा परी रस नोहे डोंगा’. डोंगा म्हणजे वाकडा. मग कमान डोंगी, पण तीर डोंगा नाही. नदी डोंगी, पण जळ डोंगं नाही. प्रत्येक वेळी नाम बदलतं, लिंग बदलतं, शब्द डोंगा-डोंगी असा वळत जातो. शेवटी तो येऊन पडतो कवीच्या स्वतःच्या नावावर: ‘चोखा डोंगा परी भाव नोहे डोंगा’. वेशीबाहेर ठेवलेल्या माणसाने समाजाने आपल्याला लावलेलं विशेषण उचललं, उसावर, कमानीवर, नदीवर पारखून घेतलं आणि मग स्वतःला लावलं. पहिल्या ओळीत ते वस्तूचं वर्णन होतं, शेवटच्या ओळीत तो वाद आहे.

गद्यात हे करायचं तर एवढं पाळा: विशेषण पुन्हा आणायचं असेल तर नाम बदला. आपल्या कथेत ‘हिरवट’ दुसऱ्यांदा पाण्याला लावू नका. पुढच्या प्रकरणात दाव्याच्या फायलीला बांधलेली नाडी हिरवट दिसली तर चालेल. तिसऱ्यांदा आणू नका. गद्याचा वाचक तिसऱ्या वेळी मोजायला लागतो.

सराव

ट्रान्सहार्बर लोकलने ठाण्याहून वाशीला जा, खिडकी मिळाली तर उत्तमच. दिघा गाव, ऐरोली, रबाळे, घणसोली, कोपरखैरणे, तुर्भे, सानपाडा. दर दोन स्टेशनांच्या मध्ये बाहेरची किंवा डब्यातली एकच वस्तू निवडा आणि तिचं नाम लिहा. विशेषण लिहायचं नाही. वाशीला उतरल्यावर यादी बघून ठरवा की ही सगळी नामं कुठला एक माणूस बघतोय: कामावरून सुटलेली नर्स, भाड्याचं घर शोधणारा विद्यार्थी, गावाहून आलेली आजी. परतीच्या गाडीत त्या माणसाच्या वतीने फक्त एका नामाला विशेषण द्या. बाकीची कोरीच ठेवा. दुसऱ्या दिवशी माणूस बदला, यादी तीच ठेवा, आणि बघा विशेषण आता कुठल्या नामाला लागतंय.

हे विद्यार्थ्यांकडून करून घ्यायचं असेल तर ‘सुंदर’, ‘रम्य’, ‘मनमोहक’, ‘अप्रतिम’ आणि ‘निरागस’ या पाचांवर महिनाभर बंदी घाला. तक्रारी येतील. ‘निरागस’वर सगळ्यात जास्त येतील.